नॉर्दर्न डान्सर

नॉर्दर्न डान्सर (२७ मे १९६१–१६ नोव्हेंबर १९९०). कॅनडात जन्मलेला थरोब्रेड जातीचा शर्यतीचा घोडा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वांत प्रभावी पैदाशीचा घोडा म्हणून तो ओळखला जातो. शर्यतींतील त्याची कारकीर्द जेमतेम दोन हंगामांची होती. त्याचे खरे कर्तृत्व त्याच्या वंशविस्तारात आहे. आज जगभर धावणाऱ्या थरोब्रेडांपैकी फार थोडे असे असतील, ज्यांच्या वंशावळीत त्याचे नाव नाही.

जन्म व वंश : ऑन्टॅरिओ प्रांतातील ओशावा येथे उद्योगपती ई. पी. टेलर यांच्या अश्वपैदास केंद्रात त्याचा जन्म झाला. हे केंद्र पुढे विंडफिल्ड्स फार्म या नावाने प्रसिद्ध झाले. त्याचा पिता निअर्क्टिक हा चौदाही शर्यती जिंकणाऱ्या निअर्को या इटालियन घोड्याचा मुलगा. निअर्क्टिकची आई लेडी अँजेला निअर्कोपासून गाभण असतानाच टेलर यांनी ती इंग्लंडमधील न्यूमार्केट येथे खरेदी केली होती. आई नाताल्मा ही नेटिव्ह डान्सरची मुलगी. नेटिव्ह डान्सर बावीस शर्यतींत एकदाच हरला, आणि ती शर्यत होती १९५३ ची केंटकी डर्बी. नाताल्मा १९६० मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे शर्यतीतून बाद झाली. घोडी फळवण्याचा हंगाम संपत आला असतानाच तिला निअर्क्टिककडे नेण्यात आले. अकरा महिन्यांच्या गर्भकाळानंतर, साहजिकच उशिरा, मे महिन्याच्या अखेरीस शिंगरू जन्मले. उत्तर गोलार्धात सर्व थरोब्रेडांचे वय १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या घोड्यांशी त्याला बरोबरीचा मानून धावावे लागले.

शिंगरू ठेंगणे होते. टेलर आपल्या वर्षभराच्या शिंगरांच्या किमती आधीच ठरवून ती विक्रीस ठेवत. या शिंगराची किंमत २५,००० डॉलर होती. ग्राहक मिळाला नाही, म्हणून ते घरीच राहिले. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याची उंची खांद्यापाशी सुमारे १५७ सेंमी. एवढीच होती. अंगाचा रंग तांबूस तपकिरी, चेहऱ्यावर वाकडा पांढरा पट्टा, तीन पाय खुरांकडे पांढरे, बांधा आटोपशीर आणि मागचा भाग अतिशय बळकट, असे त्याचे रूप होते.

शर्यतींतील कारकीर्द : होरॅशिओ लुरो हे त्याचे प्रशिक्षक. १९६३ व १९६४ या दोन हंगामांत तो १८ शर्यती धावला व १४ जिंकला; उरलेल्या चारही शर्यतींत तो पहिल्या तिघांत होता. २ मे १९६४ रोजी केंटकी डर्बीत जॉकी बिल हार्टॅक त्याच्यावर स्वार होता. त्याआधी फ्लोरिडा डर्बीत त्याच्यावर बसलेला बिल शूमेकर या वेळी हिल राइझ या घोड्यावर होता. नॉर्दर्न डान्सरने हिल राइझला मानेच्या अंतराने मागे टाकून सव्वा मैलाचे अंतर बरोबर दोन मिनिटांत कापले. हा विक्रम १९७३ मध्ये सेक्रेटेरिएटने मोडला. केंटकी डर्बी जिंकणारा तो कॅनडात जन्मलेला पहिला घोडा होय. पुढे त्याने प्रीकनेस स्टेक्स जिंकली, मात्र बेलमाँट स्टेक्समध्ये तो तिसरा आला. त्यामुळे या तीन शर्यतींचा तिहेरी मुकुट हुकला. जूनमध्ये टोरांटो येथे क्वीन्स प्लेट ही कॅनडाची मानाची शर्यत त्याने सहज जिंकली. त्यानंतर पायाची कंडरा दुखावल्याने त्याची शर्यतीची कारकीर्द संपली.

प्रजनक म्हणून कार्य : १९६५ च्या हंगामात ओशावा येथे तो पैदाशीसाठी उभा राहिला. घोडी फळवण्याचे शुल्क १०,००० डॉलर होते. पहिल्याच तुकडीतील २१ शिंगरांपैकी १० मोठ्या शर्यतींचे विजेते निघाले. त्यांतील व्हाइसरीगल १९६८ मध्ये कॅनडाचा ‘वर्षाचा सर्वोत्तम घोडा’ ठरला. चांगल्या घोड्यांची खरी बाजारपेठ अमेरिकेत असल्याने त्याला लवकरच टेलर यांच्या मेरिलँड राज्यातील केंद्रात हलवण्यात आले. १९७० मध्ये त्याचे ३२ हिस्से प्रत्येकी ७५,००० डॉलरला विकले गेले, म्हणजे घोड्याचे मोल २४ लाख डॉलर ठरले.

त्याची कीर्ती यूरोपात नेली ती दुसऱ्या तुकडीतील निजिन्स्कीने. आयरिश प्रशिक्षक व्हिन्सेंट ओब्रायन कॅनडात गेले होते दुसराच घोडा पाहायला. तो त्यांना पसंत पडला नाही, पण निजिन्स्की डोळ्यांत भरला. त्यांच्या सल्ल्यावरून चार्ल्स एंगलहार्ड यांनी तो ८४,००० डॉलरला घेतला. १९७० मध्ये त्याने टू थाउजंड गिनीज, एप्सम डर्बी व सेंट लेजर या तिन्ही शर्यती जिंकून इंग्लंडचा तिहेरी मुकुट मिळवला. त्यानंतर अद्याप हा मान कोणत्याही घोड्याला मिळालेला नाही. १९७७ ची डर्बी द मिन्स्ट्रेलने जिंकली. १९८४ च्या डर्बीत सेक्रेटोने एल ग्रॅन सेन्योरला निसटते हरवले. हे तिघेही नॉर्दर्न डान्सरचेच मुलगे.

बाजारातील किंमत : ओब्रायन, घोडामालक रॉबर्ट सँगस्टर व पैदासकार जॉन मॅग्नियर यांनी या रक्ताची शिंगरे लिलावात घेऊन एक नवा व्यवसायच उभा केला. शर्यत जिंकून मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा विजेत्या घोड्याचे पुढील शुल्क कितीतरी मोठे होते; त्यामुळे शर्यत ही पैदाशीच्या घोड्याची परीक्षा बनली. आयर्लंडमधील कूलमोर केंद्राचा उत्कर्ष याच व्यवहारातून झाला. दुबईचे शेख मोहम्मद स्पर्धेत उतरल्यावर किमती भडकल्या. १९८३ मध्ये केंटकीतील कीनलंडच्या लिलावात त्यांनी नॉर्दर्न डान्सरचे एक शिंगरू १ कोटी २ लाख डॉलरला घेतले. स्नाफी डान्सर नावाचा हा घोडा एकदाही शर्यतीत उतरला नाही आणि पैदाशीलाही जवळजवळ निरुपयोगी ठरला. पुढच्या वर्षी लिलावात आलेल्या नॉर्दर्न डान्सरच्या १२ शिंगरांना सरासरी ३४ लाख डॉलरहून अधिक भाव मिळाला. शिंगरू जन्मेल याची हमी नसतानाही एक घोडी फळवण्यासाठी सुमारे १० लाख डॉलर मोजले जात. ज्या घोड्याला २५ हजारांत गिऱ्हाईक नव्हते, त्याच्या संततीची ही किंमत होती; पण स्नाफी डान्सरच्या उदाहरणावरून दिसते की, शिंगराच्या अंगलटीवरून किंवा नुसत्या वंशावळीवरून बांधलेला अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

वंशविस्तार : थरोब्रेडांत कृत्रिम रेतन मान्य नाही, घोडा-घोडीचा प्रत्यक्ष संयोगच नोंदीस पात्र ठरतो. त्यामुळे नॉर्दर्न डान्सरची एकूण संतती साडेसहाशेच्या आतच राहिली. त्यांतील सुमारे दीडशे मोठ्या शर्यतींचे विजेते ठरले. मुलांनी मात्र वंश खंडोखंडी पसरवला. सॅडलर्स वेल्स ब्रिटन व आयर्लंडचा अव्वल प्रजनक १४ वेळा ठरला आणि त्याचा मुलगा गॅलिलिओ १२ वेळा. डान्झिग अवघ्या तीन शर्यती धावला व तिन्ही जिंकला. त्याचा मुलगा डेनहिल यूरोपचा हंगाम संपला की ऑस्ट्रेलियात नेला जाई. त्याची संतती दोन हजारांहून अधिक झाली. आणखी एक मुलगा स्टॉर्म बर्ड याचा मुलगा स्टॉर्म कॅट अमेरिकेत ५ लाख डॉलर शुल्क घेई. चौदाही शर्यती जिंकणाऱ्या फ्रँकेलचा बाप गॅलिलिओ व आजा (आईचा बाप) डेनहिल असल्याने त्याच्या अंगात हे रक्त दोन्ही बाजूंनी आले आहे.

भारतातही ही शाखा आली. १९९० च्या एप्सम डर्बीत पसंतीचा असूनही मागे पडलेला रझीन हा नॉर्दर्न डान्सरचा मुलगा हरयाणातील उषा स्टड येथे आणला गेला व देशातील अव्वल प्रजनक ठरला. 

परिणाम : या यशाची दुसरी बाजू म्हणजे रक्ताची विविधता घटणे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक घोड्यांच्या जनुकीय पाहणीत ९७ टक्के वंशावळींत नॉर्दर्न डान्सर आढळला. अंतःप्रजननाचे प्रमाण गेल्या पाच दशकांत वाढल्याचेही त्यात दिसले. म्हणून आज यूरोप व ऑस्ट्रेलियातील पैदासकार आपल्या घोड्यांसाठी या वंशापासून दूरच्या घोड्या शोधतात, किंवा जपानमधील संडे सायलेन्सच्या वंशाकडे वळतात. तेथेही ही शाखा पुरती टळत नाही : संडे सायलेन्सचा सर्वांत यशस्वी मुलगा डीप इम्पॅक्ट आईकडून नॉर्दर्न डान्सरचाच वंशज आहे.