अडीच फुटी रुळांचा इतिहास

इतिहास म्हटला की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे किल्ले, सनदा आणि बखरी उभ्या राहतात. आगगाडीचे खेळणे काही उभे राहत नाही. आम्हीही त्याच पंथाचे होतो. पुण्यास कोथरुडात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले व १९९८ साली लोकांस खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय पाहावयास आम्ही गेलो, ते केवळ बरोबरच्या मुलांच्या हट्टामुळे. परत आलो ते मात्र एका जुन्या वादाचे ओझे घेऊन.

संग्रहालयाचे वर्णन थोडक्यात करतो, कारण ते ज्याने त्याने पाहावे हेच बरे. मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे एक नगर तेथे वसविले आहे. त्यात गाड्या धावतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात. सर्कस आहे, पोहण्याचा तलावही आहे. नगराची धाटणी युरोपीय आहे, आणि त्यात नवल नाही. ही विद्याच तिकडची. जर्मनीतील मेर्कलिन कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठराविक मापांचे रूळ मांडले, तेव्हापासून खेळण्यातील गाडीस शास्त्र लाभले. आणि १९१० साली लंडनास या छंदाच्या लोकांनी आपला क्लब स्थापन केला.

खेळ संपल्यावर बाहेर दोन गृहस्थ भेटले आणि खरा विषय तेथे सुरू झाला. एक नांदेडचे, रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. दुसरे लातूरचे, जन्मभर शिक्षकी केलेले. त्यांना सारे गुरुजीच म्हणत. दोघांनाही लहान गाड्या करण्याचा नाद. गुरुजींनी पिशवीतून पुठ्ठ्याचा एक डबा काढून दाखविला. रंग जुना, खिडक्या रेखीव. ‘ही आमची बार्शी लाइट,’ ते म्हणाले. नांदेडकरांनी डबा उलटा करून चाके पाहिली आणि म्हणाले, ‘गुरुजी, डबा सुरेख झाला, पण ही बार्शी लाइट नव्हे.’

हा आक्षेप समजण्यास थोडे मागे जावे लागेल. लातूरची ती रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअराच्या कल्पनेतून निघाली. अरुंद रुळांची गाडीही भरपूर माल वाहू शकते, मात्र प्रत्येक आसावर सारखा भार पडला पाहिजे, असा त्याचा सिद्धान्त. म्हणून आसामागे पाच टन ही मर्यादा त्याने बांधून घेतली, वारास तीस पौंड वजनाचे हलके रूळ घातले, आणि भार वाटला जावा यासाठी लीड्सच्या किट्सन कारखान्याकडून आठ जोडचाकांची इंजिने करविली. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. वाघिणी व डबे मात्र पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद. विशेष हे की, ही सामग्री हिंदुस्थानात येण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरते रूळ टाकून जाणत्या मंडळींस चालवून दाखविली होती. आमच्या बार्शी लाइटचा जन्मच प्रदर्शनात झाला म्हणावयाचा!

१८९७ साली ती बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी एकवीस मैल धावू लागली. १९०६ साली पंढरपूर, १९११ साली निजामाच्या मुलखातील लातूर आणि १९२७ साली मिरज गाठून तिने दोनशे मैलांचा पल्ला ओलांडला. १९५४ साली ती सरकारने विकत घेतली. नांदेडची गोष्ट निराळी. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद–गोदावरी खोऱ्याची मीटरगेज आली व मनमाडपर्यंत पोचली. परिणाम असा की, मराठवाड्याचा कापूस नांदेडकडून निघो वा लातूरकडून, मोठ्या रुळांच्या गाडीत त्याला चढवावाच लागे. एकाची उतरंड मनमाडास, दुसऱ्याची कुर्डुवाडीस. गाठोडे तेच, हमाली मात्र दुबार! या प्रांताच्या मागासलेपणाची चर्चा करणाऱ्यांनी या दोन स्टेशनांचे फलाट विसरू नयेत.

आज दोन्ही रूळ उखडले गेले आहेत. नांदेडची मुख्य वाट गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ब्रॉडगेज झाली. लातूरची गाडी २००७–०८ साली नव्या रुळांवर आली, आणि जुन्या मार्गाने बाजूस टाकलेले धाराशिव, तेव्हाचे उस्मानाबाद, वाटेत घेऊन जाऊ लागली. लातूरकरांचे यात कल्याणच झाले. त्याबद्दल उसासे टाकणे आम्हांस मान्य नाही.

आता गुरुजींच्या डब्याकडे वळू. बाजारात सहज मिळतात ते साडेसोळा मिलिमीटरचे रूळ, आणि गुरुजींनी चाके त्यांवर बसविली होती. सत्त्याऐंशीव्या हिश्श्याने सात फुटी डबा साडेचोवीस मिलिमीटर रुंद होतो, आणि अडीच फुटी रूळ पावणेनऊ मिलिमीटरांचा. म्हणजे डबा रुळांच्या पावणेतीन पट रुंद! दोन्ही बाजूंस एवढा बाहेर आलेला डबा एवढ्याशा रुळांवर तोल सावरून चालतो, हेच कॅलथ्रॉपचे धाडस. आणि गुरुजींच्या रुळांवर ते नाहीसे झाले होते.

गुरुजी दुखावले. ‘आपण मापे पाहता, साहेब, मी गाडी पाहतो. माझ्या गावच्या पोरांना ती ओळखू आली, तेवढे पुरे.’

‘त्या पोरांनी ती गाडी पाहिलीच कुठे, गुरुजी? आपण दाखवाल तीच त्यांची बार्शी लाइट.’

आम्ही मनातून गुरुजींच्या बाजूचे होतो, परंतु या उत्तरापुढे आमचे काही चालेना. पाहणारे डोळे असतात तोवर ढोबळ चित्रही चालते, कारण उणे असेल ते स्मृती भरून काढते. ते डोळे मिटल्यावर चित्र हाच पुरावा ठरतो, आणि पुराव्यास माप लागते. इंग्लंडात कॅलथ्रॉपनेच आखलेली लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याची रेल्वे १९०४ साली सुरू झाली व तीसच वर्षांत बंद पडली. तरी तिच्या प्रतिकृती हौशी लोक अद्याप नेमक्या मापाने करीत असतात. तिची थोरली बहीण असलेली आमची बार्शी लाइट तिच्या कितीतरी पटींनी लांब, आणि शंभरावर वर्षे चाललेली.

गुरुजी बराच वेळ डब्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, ‘नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात काय?’ मिळतात, आणि नांदेडकर ते धाडणार होते. स्वतः ते मीटरगेजसाठी बारा मिलिमीटरचे वापरीत.

‘पण डब्याची उंची?’ नांदेडकरांनी खिशातून वही काढली. गुरुजींनी डोळे मिटले आणि हनुवटीखाली हात आडवा धरला. ‘फलाटावर उभा राहिलो की खिडकीची कड इथे लागे. तेव्हा मी मराठी पाचवीत होतो.’ यावर नांदेडकर पाचवीतल्या मुलाची उंची किती धरावी याचा हिशेब वहीत मांडू लागले, आणि आम्ही मुलांना शोधावयास निघालो.