पाच रुपयांचा पुडा नेमका कोणाचा? अमेरिकन ब्रँड कसे ओळखायचे आणि आपले पर्याय कोणते

गावातल्या कुठल्याही किराणा दुकानात जा, दारातच रंगीत पुड्यांच्या माळा लटकलेल्या दिसतात. शाळा सुटली की पोरांचा पहिला मुक्काम तिथंच. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावलं, तेव्हापासून "अमेरिकन माल सोडा, आपला घ्या" अशी चर्चा पारावर आणि व्हॉट्सॲपवर वाढली. पण आपला कोणता आणि त्यांचा कोणता, हे पुड्याच्या रंगावरून कळत नाही. ते कसं ओळखायचं आणि पर्याय कुठे मिळतात, त्याची ही माहिती.

नाव देशी, मालक परदेशी

कुरकुरे हे नाव अस्सल देशी वाटतं. तांदूळ, मका आणि बेसनाचा हा खाऊ तयारही भारतातच झाला आणि 1999 मध्ये बाजारात आला. पण त्याची मालक आहे अमेरिकेची पेप्सिको. लेज, डोरिटोस आणि चीटोस याच कंपनीचे. अंकल चिप्स हा मूळचा भारतीय ब्रँड होता, तोही 2000 साली पेप्सिकोने विकत घेतला.

कॅडबरी ही पूर्वी इंग्लंडची कंपनी. 2010 मध्ये ती अमेरिकेच्या क्राफ्टने घेतली, आता मालक मोंडेलीझ. म्हणजे डेअरी मिल्क, फाइव्ह स्टार, जेम्स, बोर्नव्हिटा आणि ओरिओ बिस्किट हे सगळं अमेरिकन मालकीचं. स्निकर्स मार्स या अमेरिकन कंपनीचं. खाऊसोबत घेतलं जाणारं थम्स अप, लिम्का आणि माझाही तसंच. पार्ल्याच्या चौहान कुटुंबाने हे ब्रँड 1993 मध्ये कोका-कोलाला विकले.

उलट, परदेशी आहे म्हणून सगळंच अमेरिकन नसतं. मॅगी आणि किटकॅट विकणारी नेस्ले स्वित्झर्लंडची. किंडर जॉयवाली फेरेरो इटलीची. म्हणून मोबाइलवर येणारी प्रत्येक यादी डोळे झाकून खरी धरू नये.

890 बारकोडचा गैरसमज

"बारकोड 890 ने सुरू झाला की माल भारतीय" हा मेसेज अनेकांनी वाचला असेल. तो चुकीचा आहे. 890 चा अर्थ एवढाच, की तो क्रमांक बारकोड देणाऱ्या भारतातल्या संस्थेकडून घेतला आहे. इथे विकल्या जाणाऱ्या लेजच्या पुड्यावरही 890 च असतो.

मग काय बघायचं?

- पुडा उलटा करा. उत्पादक किंवा विक्रेता कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता छापणं बंधनकारक आहे.
- नावात 'इंडिया' दिसलं म्हणून फसू नका. 'पेप्सिको इंडिया होल्डिंग्ज' आणि 'मोंडेलीझ इंडिया' ही अमेरिकन कंपन्यांच्या इथल्या शाखांची नावं आहेत.
- कारखान्याचा पत्ता म्हणजे मालकाचा पत्ता नव्हे. पेप्सिकोचा वेफर्सचा कारखाना पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहे.
- एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक बघा. पहिला अंक 1 असेल तर परवाना, 2 असेल तर छोट्या उद्योगाची नोंदणी. 215 ने सुरू होणारा क्रमांक महाराष्ट्रातल्या छोट्या उत्पादकाचा असतो. हा क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून तपासताही येतो.

भारतीय मालकीचे मोठे पर्याय

वेफर्स आणि शेव-फरसाण: राजकोटची बालाजी. चंदुभाई विराणी आणि त्यांच्या भावांनी सिनेमागृहाच्या कँटीनपासून सुरुवात केली आणि 1982 च्या सुमारास घरीच वेफर्स तळायला घेतले. राजकोटचीच गोपाल नमकीन आहे. हल्दीराम मूळ बिकानेरचं, पण नागपूरमुळे आपल्या ओळखीचं. 2025 मध्ये सिंगापूरच्या टेमासेकने हल्दीराममध्ये थोडा हिस्सा घेतला, मुख्य मालकी मात्र अगरवाल कुटुंबाकडेच आहे. पुण्याच्या चितळे बंधूंची बाकरवडी तर सांगायलाच नको.

बिस्किटं: पार्ले-जी बनवणारी पार्ले प्रॉडक्ट्स 1929 पासूनची, मुंबईच्या विलेपार्ल्यातली. ब्रिटानिया वाडिया समूहाची.

चॉकलेट: अमूल. याचे मालक कोणी शेठ नाहीत, गुजरातचे दूध उत्पादक आहेत. तसंच कॅम्पको, कर्नाटक-केरळमधल्या सुपारी आणि कोको उत्पादकांची सहकारी संस्था. तिचा चॉकलेटचा कारखाना कर्नाटकात पुत्तूरला आहे. शेतकऱ्यांनी मिळून उभा केलेला माल बहुराष्ट्रीय कंपनीसमोर टिकतो, याची ही दोन ठळक उदाहरणं.

बिंगोची गोष्ट थोडी वेगळी. आयटीसी ही कोलकात्याची भारतीय कंपनी, पण तिच्यात ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या लंडनच्या कंपनीचा मोठा हिस्सा आहे. नावात अमेरिकन असलं तरी ती कंपनी ब्रिटिश आहे.

जवळचा, खरा स्थानिक माल

भारतीय म्हणजे लगेच स्थानिक होत नाही. राजकोट किंवा कोलकात्याला गेलेला पैसाही तालुक्याबाहेरच जातो. शेंगदाणा, केळी, ज्वारी, नाचणी, फणस हे जिथे पिकतं तिथंच त्याचा खाऊ बनला, तर पिकवणारा, तळणारा, पॅकिंग करणारा आणि विकणारा असे चौघंही जवळचेच राहतात.

- सांगली, जयसिंगपूर: भडंग
- जळगाव: केळीचे वेफर्स
- नाशिक: चिवडा
- लोणावळा: चिक्की
- कोकण: तळलेले फणसाचे गरे, आंबापोळी, फणसपोळी
- खानदेश: बिबड्या, नागलीचे पापड
- सोलापूर, मराठवाडा: ज्वारीच्या लाह्या, थंडीत हुरडा

बचत गटांचा माल आठवडे बाजारात, यात्रेत आणि पंचायत समितीच्या प्रदर्शनात मिळतो. आपल्या गावात कोणता गट काय बनवतो, हे ग्रामपंचायतीत किंवा 'उमेद'च्या तालुका कक्षात विचारता येतं.

भाव किलोत मोजा

पाच रुपयांचा पुडा स्वस्त वाटतो. समजा त्यात 12 ग्रॅम माल आहे, तर तो किलोला 416 रुपयांच्या वर पडला. गटाचा 40 ग्रॅमचा पुडा दहा रुपयांना असेल, तर भाव होतो 250 रुपये किलो. हिशोब सोपा आहे: किमतीला ग्रॅमने भागा आणि हजाराने गुणा. दर वेळी गावचाच माल स्वस्त निघेल असं नाही, पण पुड्यात हवा किती आणि माल किती, हे तरी कळतं.

शेतकऱ्याने दोन्ही बाजू बघाव्यात

एकदम सगळं बंद करा म्हणणं सोपं आहे. पण आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारासारख्या भागात वेफर्स कंपन्यांशी करार करून बटाटा लावणारे शेतकरी आहेत. ठरलेला भाव मिळतो, हा त्यांना फायदा वाटतो. रांजणगावच्या कारखान्यात राबणारी पोरंही आपल्याच गावांतली असतात.

दुसरी बाजूही आहे. 2019 मध्ये पेप्सिकोने गुजरातमधल्या बटाटा उत्पादक शेतकऱ्यांवर खटले भरले. एफसी-5 हे कंपनीच्या नावे नोंदलेलं वाण परवानगीशिवाय लावलं, असा आरोप होता. काही शेतकऱ्यांकडे तर प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाई मागितली. देशभर ओरड झाली, मग मे 2019 मध्ये खटले मागे घेतले. डिसेंबर 2021 मध्ये प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली, जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती रद्द करण्याचा आदेश बाजूला ठेवला. 2001 चा कायदा मात्र शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचा हक्क देतो. फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. करारावर सही करण्याआधी बियाण्याचं कलम नीट वाचावं.

गावचा आहे म्हणून काहीही चालत नाही

तेल पामचं असेल तर तेही बहुतेक इंडोनेशिया-मलेशियातून आलेलं असतं. मीठ आणि तळण जास्त झालं, तर देशी पुडाही पोरांना बाधतोच. नाव-पत्ता, तारीख आणि एफएसएसएआय क्रमांक नसलेला पुडा, मग तो ओळखीतला का असेना, घेऊ नये.

दुकानदाराची अडचणही समजून घ्यावी. मोठ्या कंपनीची गाडी ठरल्या दिवशी दारात येते. गटाचा माल कधी येतो, कधी येत नाही, आणि पंधरा दिवसांत खवट झाला तर तोटा दुकानदाराच्या माथी. म्हणून गटांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात: हवाबंद पॅकिंग, ठरलेला वार आणि न खपलेला माल बदलून देणं.

यंत्रासाठी पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत (पीएमएफएमई) प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, वैयक्तिक उद्योगाला जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. ते बँक कर्जाशी जोडलेलं असतं. अर्ज सध्या सुरू आहेत का, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्यावं.

सुरुवात मोठी करायची गरज नाही. पुढच्या वेळी दुकानात गेलात की पुडा उलटा करा, मालक बघा आणि दुकानदाराला एवढंच विचारा, "आपल्या गटाचं भडंग ठेवता का?" चार गिऱ्हाइकांनी विचारलं, तर पाचव्या दिवशी ते माळेत लटकलेलं दिसेल.