मनात आले, पण केले नाही

आपल्याकडे पापाचा हिशेब काया, वाचा आणि मन अशा तीन खात्यांवर मांडण्याची जुनी चाल आहे. मनुस्मृतीत मानसिक पापांची वेगळी नोंदही आहे. तरीपण संसारी माणसाला पुराणिकबुवांनी एक मोठा दिलासा देऊन ठेवला आहे. कलियुगात मनात आलेले पुण्य पदरात पडते. मनात आलेले पाप मात्र प्रत्यक्ष केल्यावाचून लागत नाही. शेजारणीच्या नव्या पाटल्या पाहून जीव खालीवर झाला, तरी चित्रगुप्त लेखणी उचलीत नाही! ख्रिस्ती माणसाला ही सवलत नाही, असे आपण ऐकून असतो. ती खरोखरच नाही का, आणि नसेल तर त्या धर्माची माणसे इतकी शतके स्वतःच्या मनाशी कशी नांदली, हे कुतूहल मला फार दिवसांचे आहे. त्या इतिहासातला थोडा भाग आज सांगावा म्हणतो.

मूळ आहे येशूच्या डोंगरावरील प्रवचनात. खून आणि व्यभिचार मोशेच्या दहा आज्ञांनी निषिद्धच होते. परक्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, हेही त्यांत होते. येशूने कुंपण आणखी आत आणले. भावावर रागावणारासुद्धा न्यायाला पात्र होतो, आणि परस्त्रीकडे कामेच्छेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलेलाच असतो, असे त्याने सांगितले. ऐकणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी अशीच ही शिकवण. हात आवरता येतो, जीभही एक वेळ आवरता येते. मनाला लगाम कोणी घालावा?

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेल्या साधूंपुढे हा प्रश्न रोजच्या जेवणासारखा वाढून ठेवलेला असे. घरदार सुटले, बायको नाही, पैसा नाही. पाप करायला साधनच उरले नाही. उरले ते विचार. त्यांतला एव्हाग्रियस हा मोठा बुद्धिमान गृहस्थ. कॉन्स्टँटिनोपलला असताना एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीवर त्याचे मन गेले आणि तो शहर सोडून पळाला, अशी त्याची हकीकत त्याच्या शिष्याने लिहून ठेवली आहे. वाळवंटात बसून त्याने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. खादाडपणा, काम, लोभ, खिन्नता, क्रोध, मरगळ, कीर्तीची हाव आणि गर्व. (पुढे पोप ग्रेगरीने तिची फेरमांडणी केली आणि तीतूनच 'सात महापातके' प्रसिद्ध झाली.) मरगळीचे त्याचे वर्णन तर कचेरीत बसणाऱ्या कोणालाही ओळखीचे वाटेल. भर दुपार झाली की सूर्य हलत नाहीसा वाटतो, साधू पुनःपुन्हा खिडकीकडे बघतो, कोणी भेटायला येते आहे का म्हणून डोकावतो. पण एव्हाग्रियसची खरी कामगिरी वेगळी. हे विचार येणे आपल्या हाती नाही, त्यांना मुक्काम करू द्यायचा की नाही एवढेच आपल्या हाती आहे, असा निवाडा त्याने दिला. त्याच वाळवंटातल्या पोइमेन नावाच्या वृद्धाकडे एक शिष्य विचारांनी हैराण होऊन आला. म्हाताऱ्याने त्याला उघड्यावर नेले आणि अंगरखा पसरून वारा धरायला सांगितले. ते जमेना, तेव्हा म्हणाला की विचारांचे येणेही तुला तसेच थांबवता यायचे नाही. त्यांना विरोध करणे मात्र तुझे काम.

उत्तर आफ्रिकेत ऑगस्टीनने याच गोष्टीला शास्त्राची बैठक दिली. डोंगरावरील प्रवचनावर त्याने इ. स. ३९४ च्या सुमारास भाष्य लिहिले. त्यात पापाच्या तीन पायऱ्या आहेत. आधी सूचना, मग तिची गोडी, शेवटी संमती. संमती दिली की पाप पुरे झाले, मग हात हलो वा न हलो. येशूने उठवलेल्या तीन मृतांचा त्याने लावलेला अर्थ मला फार आवडतो. घरातच मरून पडलेली मुलगी म्हणजे मनात केलेले पाप. वेशीबाहेर नेला जात असलेला तरुण म्हणजे कृतीत उतरलेले पाप. आणि थडग्यात चार दिवस राहिलेला लाजरस म्हणजे अंगवळणी पडलेले पाप. तिघेही मेलेलेच, आणि तिघेही उठवले गेले.

सहाव्या शतकात आयर्लंडच्या मठांनी तर प्रायश्चित्तांचे दरपत्रकच तयार केले. फिनियनच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या संहितेत दुष्ट विचार येताच ज्याला पश्चात्ताप झाला, त्याने छाती बडवून देवाची क्षमा मागावी, की झाले. शेजाऱ्याला मारण्याचा किंवा ठार करण्याचा बेत मनात रचणारा जर पाद्री असेल, तर त्याला सहा महिने मोजकी भाकरी आणि पाणी, आणि वर्षभर मद्यमांस वर्ज्य. साध्या प्रापंचिकाला मात्र एक आठवडा! संधी न मिळाल्याने जो थांबला त्याचे पाप तेच, पण शिक्षा ती नव्हे, असेही त्यात म्हटले आहे. मनाची अशी मोजमापे पाहून आज हसू येते. तरी या दरपत्रकात एक दया होती. सहा महिने संपले की संपले. गुन्ह्याला शेवट होता.

बाराव्या शतकात पॅरिसच्या आबेलार्डने हाच धागा अगदी टोकाला नेला. पाप ना वासनेत ना कृतीत. ते केवळ संमतीत. कृतीने त्यात काही भर पडत नाही. मग कृतीला शिक्षा का करायची? त्याच्या ग्रंथात एका गरीब आईचे उदाहरण आहे. पांघरूण पुरेसे नाही म्हणून ती तान्ह्या लेकराला ऊब द्यायला पोटाशी घेऊन झोपते आणि तिच्याच अंगाखाली ते गुदमरते. बिशपपुढे तिला मोठे प्रायश्चित्त मिळते. तिचा अपराध म्हणून नव्हे, तर इतर आयांनी जपावे म्हणून, असे आबेलार्ड सांगतो. त्याचा युक्तिवाद बिनचूक आहे, पण तो वाचताना त्या बाईची मूर्ती डोळ्यांपुढून हलत नाही. चर्चच्या सभेने आबेलार्डची जी मते दोषी ठरवली, त्यांत कृतीविषयीचे हे मतही होते.

पुढे १२१५ साली प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा तरी पापांची कबुली सक्तीची झाली, आणि १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेने केवळ मनात घडलेली गुप्त महापातकेही तीत सांगितलीच पाहिजेत, असे ठरवले. ल्यूथरच्या अनुयायांनी ही सक्ती मोडली. पण कबुली ऐकणारा गेला, म्हणून मन गप्प बसले काय?

जॉन बन्यन हा बेडफर्डजवळच्या खेड्यातला भांडी सांधणारा कारागीर. बेपरवाना प्रवचने केली म्हणून १६६० साली तुरुंगात गेला, आणि तेथे त्याने १६६६ साली आपली आत्मकथा प्रसिद्ध केली. तरुणपणी त्याच्या मनात एकच वाक्य घोळू लागले होते: ख्रिस्ताला विकून टाक. जेवताना, लाकूड फोडताना, टाचणी उचलताना, वर्षभर तेच. तो हातांनी, कोपरांनी त्या विचाराला ढकली आणि 'नाही, नाही' म्हणत राही. एके दिवशी सकाळी अंथरुणातच, थकल्या मनातून एक विचार निसटून गेला: जायचे असेल तर जाऊ दे त्याला. बस्स. कृती काहीच नाही. पण आपण संमती दिली, अशी त्याची खात्री पटली. एका वृद्ध भक्ताला त्याने भीत भीत विचारले, माझ्या हातून क्षमा नसलेले पाप घडले का? म्हातारा म्हणाला, मलाही तसेच वाटते. पुढची दोनएक वर्षे त्याने जिवंतपणी नरकात काढली. मन चिंती ते वैरी न चिंती, ही आपली म्हण त्याला ठाऊक असती तर! ऑगस्टीनची संमतीची रेघ कागदावर स्वच्छ दिसते; थकलेल्या माणसाला स्वतःच्या आत ती कुठे दिसावी?

बन्यन त्यातून सावरला. त्याचे 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हरि केशवजी यांनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणले. त्या कथेत यात्रेकरू मृत्युच्छायेच्या दरीतून चाललेला असतो. अंधारात एक दुष्ट आत्मा पाठीमागून हळूच येतो आणि त्याच्या कानात देवाची निंदा कुजबुजतो. यात्रेकरूला वाटते, हे शब्द आपल्याच मनातून निघाले. वाटेत भेटलेल्या कशानेही तो इतका खचला नव्हता. कान झाकावेत, की हा आवाज कोणाचा हे आधी पाहावे, हे त्याला सुचत नाही, आणि तो तसाच अंधारात पुढे चालत राहतो.