पांढऱ्या कोळशाची काजळी

पाण्यापासून होणाऱ्या विजेला ‘पांढरा कोळसा’ म्हणण्याची एक जुनी चाल आहे. धूर नाही, राख नाही. पाणी चक्र फिरवून खाली जातं आणि पुढे शेतालाही मिळतं. 1915 साली टाटांनी खोपोलीला वीज काढली, तेव्हापासून सह्याद्रीला हे भूषण लाभलं. पण या पांढऱ्या कोळशालाही काजळी असते, हे गेल्या तीस-चाळीस वर्षांत उमगलं. ती डोळ्यांना दिसत नाही, इतकंच.

तिचं नाव मिथेन. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. इटलीच्या व्होल्टाने 1776 साली माज्जोरे सरोवराकाठचा चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले होते. तो वायू पेटत असे. हवा न लागता पालापाचोळा कुजला की तो तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन सुमारे 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता कोंडून धरतो. तेव्हा धरणाखाली बुडालेलं रान म्हणजे झाकण नसलेलं गोबरगॅस यंत्रच म्हणायचं.

याचा सर्वांत वाईट दाखला ब्राझील देशात आहे. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात, उआतुमा नदीवर बाल्बिना नावाचं धरण 1987 मध्ये भरू लागलं. मुलूख सपाट, त्यामुळे पाणी उंच चढण्याऐवजी आडवं पसरलं. सुमारे 2,360 चौरस किलोमीटर! झाडं बहुतेक तोडलीच नव्हती. त्यांचे वाळके बुंधे अजून पाण्यातून वर डोकावतात. वाइमिरी-आत्रोआरी आदिवासींची भूमीही त्यात गेली. एवढ्यावर वीजघर झालं 250 मेगावॉटचं. तळाच्या पाण्यात दाबाखाली मुरलेला वायू चक्रातून बाहेर पडताना गोळीसोड्याची बाटली फोडावी तसा उसळतो. शास्त्रज्ञांनी धरणाखालच्या नदीत तो मोजला. तेवढीच वीज कोळशावर केली असती तर हवा कमी तापली असती, असा हिशेब निघाला.

आता आपल्या घोडनदीवर येऊ. आंबेगाव तालुक्यातल्या डिंभे धरणाच्या जलाशयाला महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. पसारा सुमारे साडेसतरा चौरस किलोमीटर, वीजघर 5 मेगावॉटचं. शेजारी जुन्नरात कुकडीवर माणिकडोह, तिथलं 6 मेगावॉटचं. शिक्षकांनी हा भागाकार फळ्यावर जरूर मांडावा: एका मेगावॉटमागे बाल्बिनाला साडेनऊ चौरस किलोमीटर पाण्याखाली, डिंभ्याला साडेतीन. आपली बाजू बरी, पण फुशारकी मारण्याजोगी नव्हे. खोपोलीला पाणी सुमारे पाचशे मीटर कोसळतं, म्हणून थोड्या पाण्यात पुष्कळ वीज होते. डिंभ्याचं वीजघर धरणाच्या पायथ्याशी आहे, त्याला तेवढी उंची कुठली मिळणार?

तरी हा भागाकार मला पुरता न्याय्य वाटत नाही. बाल्बिना विजेसाठीच बांधलं. डिंभे बांधलं ते पाटाच्या पाण्यासाठी. वीज हा जोडधंदा. मग मिथेनचा बोजा एकट्या विजेच्या खात्यावर का टाकावा? पाटाखालच्या उसाकांद्याच्या खात्यावरही तो चढला पाहिजे. देशादेशांचे आकडे पडताळताना हा घोळ नेहमीचा. ब्राझीलची निम्म्याहून अधिक वीज पाण्याची, म्हणून त्याचा मिथेन जलाशयांत शोधावा लागतो. आपली बहुतांश कोळशाची, म्हणून आपला खाणींत. जलाशयांतला मिथेन राष्ट्राच्या हिशेबात कसा धरावा, याचे रीतसर नियम आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांनी 2019 साली घालून दिले. तोवर दोन देशांची तुलना म्हणजे एकाने मापाने मोजावं आणि दुसऱ्याने अंदाजाने, अशीच होती.

ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिलं, ते जुनं गाव डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. वरच्या अंगाच्या महादेव कोळ्यांच्या जमिनी गेल्या. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर त्यांच्यातले कित्येक गाळपेर करतात. त्यात विजेच्या हिशेबालाही लागणारी एक गोष्ट आहे. त्या पट्ट्यात नुसतं तण माजलं, तर पावसाळ्यात ते सगळं बुडून कुजतं. पीक घेतलं, तर दाणा घरी येतो, काड गुरांपुढे जातो, आणि पाण्याखाली उरतं ते धसकट.