माळवदाला पोकळी नसते

पुतण्या ह्यूस्टनला असतो. तिथे त्याने जुनं घर घेतलं आणि एका रविवारी फोन केला, "काका, ॲटिक म्हणजे आपला पोटमाळाच ना? त्याला झडपा ठेवायच्या की तो साफ बंद करायचा, हे इथे ठरवावं लागतंय. नियम वाचला, पण डोक्यात शिरत नाही."

चाळीस वर्षं मी या शहरात घरांचे नकाशे काढले, मंजुरीसाठी खेटे घातले. छताखालच्या पोकळीचं काय करायचं, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. आमच्याकडे ती पोकळीच नसायची.

माझं आजोळ पैठण तालुक्यातलं. घर माळवदाचं. दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर दाटीने बसवलेल्या काटक्या, म्हणजे किलच. त्यावर पाला, आणि त्यावर दीडेक फूट पांढरी माती. काळीत पीक आणि पांढरीत घर, ही गावाची जुनी वाटणी. तिच्यामागे शहाणपण होतं. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. ती छतावर टाकणाऱ्याच्या घरात पहिल्याच पावसात पातेली मांडावी लागायची.

मृगाच्या आधी आजोबा स्वतः वर चढत. उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं, पन्हळीकडे उतार आहे का बघायचं, नवी माती पसरून चोपण्याने चोपायची. वर्षानुवर्षं हेच. कुठे लिहिलेलं नव्हतं. पण त्यात चूक झाली की आज्जी बोलून दाखवायची.

छताला मधोमध एक साणं होतं, हात-दीड हात चौकोनी भोक. चुलीचा धूर तिथून वर जायचा, उन्हाचा तुकडा तिथून खाली यायचा, आणि वळवाचा पहिला थेंब पडला की आम्हां पोरांपैकी कुणीतरी त्यावर झाकण टाकायला जिन्याकडे पळायचं. हवा लागायची ती खोलीला. छत स्वतः गच्च भरीव. खालून सगळे सर उघडे दिसत. कुठला सर ओला झाला, कुठल्याला वाळवी लागली, हे अंथरुणावर पडल्या पडल्या कळे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात कारागिरांनी चैत्याच्या छताला दगडात वासे कोरले आहेत. भार उचलायचं काम त्यांना नाही, पण छत म्हटलं की खालून लाकूड दिसलंच पाहिजे, ही डोळ्यांची सवय. लोक त्या लेण्याला 'सुताराची झोपडी' म्हणतात, ते उगीच नाही.

पुतण्यासाठी मग मी तिकडचा नियम वाचला. तिथे छत उतरतं, खाली सपाट सीलिंग, मध्ये मोकळी जागा. हिवाळ्यात घरातली दमट हवा वर चढते, थंड फळ्यांवर तिचं पाणी होतं आणि लाकूड कुजतं. म्हणून झडपा. १९४२ मध्ये त्यांच्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने प्रमाण घालून दिलं: क्षेत्रफळाच्या तीनशेव्या भागाइतकी उघडी जागा. पुढे २००६ च्या निवासी संहितेत बंद ॲटिकलाही अटींवर वाट मिळाली. त्यातली मुख्य अट अशी, की हवा आरपार न जाणारा उष्णतारोधक थर छताच्या फळीला खालून खेटून बसला पाहिजे, मध्ये फट नको. वाचताना हसू आलं. खेटून, सलग, पोकळीशिवाय! आजोबांनी तो थर फळीच्या वर ठेवला होता, एवढाच फरक.

पुतण्याला म्हटलं, "नियम कशाला भिऊन केलाय ते आधी बघ, मग शब्द लाव." तिकडची भीती कुजण्याची. आपल्याकडची वेगळी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत पोटमाळ्याची उंची जास्तीत जास्त १.५ मीटर, वापर सामान ठेवण्यापुरता. इथे भीती ही, की माणूस वर खाट टाकेल आणि चटईक्षेत्र चोरेल. मी एकदा उतरत्या छताखाली गारव्यासाठी पोकळी दाखवली, तर एका कार्यालयातल्या साहेबांनी तिची उंची तीनदा विचारली. गारव्याबद्दल एकदाही नाही.

आणि माळवदाची भीती? ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसं गेली, बरीचशी दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली. आजोबांच्या नियमांत नवी माती पसरा असं होतं, जुनी काढा असं नव्हतं. पिढ्यांमागून पिढ्यांचा थर डोक्यावर साचत गेला होता. नंतर घरं मजबूत करण्याच्या सूचनांमध्ये छतावरची माती कमी करा, हे आलं. आमच्या आजोळी मामांनी त्याच दिवाळीनंतर माळवद उतरवलं आणि पत्रे घातले. मे महिन्यात त्या पत्र्यांखाली दुपारी बसवत नाही.

शहरात तोवर सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या. पाच इंची स्लॅब, वर ऊन, खाली पंखा. २०१८ मध्ये केंद्राची 'इको निवास संहिता' आली. तिच्यात निवासी छतातून उष्णता जाण्याची मर्यादा आहे: दर चौरस मीटरला, तापमानाच्या दर अंश फरकाला १.२ वॉट. मी कागदावर हिशेब मांडला. उघडा स्लॅब या मर्यादेच्या तिप्पट जातो. दीड फूट कोरडी माती धरली, तर आकडा एकच्या आसपास येतो. म्हणजे आजोबा पास होतात. अर्थात किल्लारीच्या परीक्षेत नापास होऊनच.

पुतण्याने अखेर ॲटिक बंद केलं. त्याने फोटो पाठवला, फळ्यांच्या पोटाला फेसाचा पांढरा थर. मी त्याला आजोळच्या माळवदाचा फोटो पाठवला. वर आजोबा चोपणं घेऊन उभे.

२०११ च्या जनगणनेची घरयादी झाली तेव्हा आजोळच्या गल्लीत दोन माळवदं शिल्लक होती. छताच्या रकान्यात गवत, बांबू, लाकूड, माती यांना मिळून एकच क्रमांक होता. प्रगणक मास्तरांनी वर पाहिलं, सर मोजले आणि तोच क्रमांक टाकला, पलीकडच्या कुडाच्या खोपीला टाकला होता तो.