काचेच्या टाकीची कूळकथा

आज आपण बोलणार आहोत घरातल्या फिश टँकबद्दल. दवाखान्यात नाहीतर सराफाच्या दुकानात बाकावर बसल्या-बसल्या आपण जी टाकी बघतो ना, तिच्याबद्दल. तिची सुरुवात एका शिवणकाम करणाऱ्या बाईने केली, हे आम्हाला कळलं तेव्हा गटाची बैठक अर्धा तास जास्त चालली. म्हणून म्हटलं, तुम्हालाही सांगावं.

मासे पाळायची हौस तशी फार जुनी. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ केला. राजाच्या करमणुकींत त्याने मत्स्यविनोदही सांगितलाय. मासे कोणते, त्यांना खायला काय घालायचं, गळाला कसे लावायचे, असं सगळं. चीनमध्ये लोक सोनमासे पाळत, आधी तळ्यात आणि पुढे चिनी मातीच्या भांड्यात. पण तळं असो की भांडं, मासा दिसायचा तो वरूनच. त्याची पाठ दिसायची. तो खातो कसा, अंडी कुठे घालतो, भांडतो कुणाशी, ते पाण्याखालीच राहायचं.

बाजूने बघायचं ठरवलं ते झान व्हिलप्रे-पॉवर हिने. फ्रान्समधल्या झुयाक या लहान गावात 1794 साली ती जन्मली. बाप चांभारकाम करणारा. अठराव्या वर्षी ती पॅरिसला निघाली, चारशे किलोमीटरहून लांब आणि तेही पायी. तिथे शिवणकाम करणारीकडे कामाला लागली. 1816 साली सिसिलीच्या एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख तिच्या हातून भरला गेला आणि तिचं नाव झालं. पुढे जेम्स पॉवर नावाच्या व्यापाऱ्याशी लग्न झालं आणि ती सिसिली बेटावर मेसिना या बंदरात राहायला गेली. शाळा-कॉलेजात ती शास्त्र शिकलेली नव्हती. बेटावर पायी फिरून झाडं, फुलपाखरं, शिंपले गोळा करत आणि लिहून ठेवत ती शिकली.

त्या समुद्रात आर्गोनॉट नावाचा प्राणी आहे. ऑक्टोपसचा भाऊबंद, पण कागदासारख्या पातळ, सुंदर कवचात राहणारा. शास्त्रज्ञांत मोठा वाद होता. हे कवच त्याचं स्वतःचं, की कुणाचं रिकामं झालेलं घर त्याने बळकावलेलं? मोठमोठे लोक मेलेल्या आर्गोनॉटकडे बघून मत देत होते. झानचं म्हणणं सरळ होतं, जिवंत बघितल्याशिवाय सांगायचं कसं? म्हणून 1832 साली तिने काचेची टाकी करवून घेतली आणि तिच्यात समुद्राचं पाणी भरून आर्गोनॉट ठेवले. शिवाय उथळ समुद्रात आणि खोल पाण्यात ठेवायचे पिंजरेही केले. कवचाला मुद्दाम भोक पाडून ती बघत बसली, तर त्या जिवाने आपल्याच अंगातून पदार्थ सोडून भोक बुजवलं. अंड्यातून निघालेली पिल्लंही तिने पाहिली. ती उघडीच होती, कवच नंतर आलं. म्हणजे घर त्याचं स्वतःचंच. ‘त्याचं’ म्हणायचं तरी का? कवच फक्त मादीच करते, अंडी सांभाळायला.

शंका घेणारे होतेच. ज्यांना तिने विश्वासाने माहिती दिली, त्यांच्याशी श्रेयावरून वाद झाला. पण तिच्याकडे लिहिलेली नोंद होती. कतानिया गावच्या विद्वानांच्या संस्थेने तिचं काम मान्य केलं. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन या नावाजलेल्या शास्त्रज्ञाने ते लोकांपुढे मांडलं. पुढे मात्र घात झाला. सामान नेणारं जहाज बुडालं आणि तिचे कित्येक कागद, चित्रं आणि गोळा केलेले नमुने समुद्रात गेले. 1871 साली ती आपल्या जन्मगावीच वारली. नंतर शंभरएक वर्षं तिचं नाव कुणी फारसं घेतलं नाही.

दुसरी बाई लंडनची, ॲना थिन. तिने 1846 साली समुद्रातली जिवंत प्रवाळं घरी आणली. पाणी शिळं झालं की ती मरत आणि समुद्र तर लांब. मग रोज खिडकीशी उभं राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी वरून ओतायचं, अर्धा-पाऊण तास. त्याने पाण्यात हवा मिसळते. हे ओतायचं काम कुणी केलं? तिच्या मोलकरणीने. आज जे काम एअर पंप करतो, ते त्या बाईच्या मनगटांनी केलं. तिचं नाव कुठे आलेलं आम्हाला तरी सापडलं नाही.

पुढचा इतिहास पटकन सांगतो. 1850 च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टनने टाकीत दोन सोनमासे आणि पाणवनस्पती ठेवल्या. पानं कुजून पाणी बिघडलं तेव्हा ती खायला गोगलगायी सोडल्या आणि मेळ बसला. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर 1845 मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली आणि घरोघर टाक्यांचं वेड शिरलं. तेव्हाच्या टाक्यांना लोखंडी चौकट, तळाला पाटीचा दगड आणि सांध्यांत लांबी भरलेली असे. नुसत्या काचा सिलिकॉनने चिकटवायची रीत 1960 नंतरची. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 चं, एका पारशी दात्याच्या नावाचं.

आता आपली टाकी. आमच्या गटातल्या एका ताईने बंद पडलेल्या दुकानातून जुनी सहा कोनांची टाकी घेतली. घरात बोलणी बसली, “माशांना पोसायला पैसे आहेत होय?” पैसे तिच्या स्वतःच्या शिलाईचे होते, तेवढं सांगितलं म्हणजे पुरे.

सहा कोनांची टाकी दिसते छान, पण सांधे जास्त. चौकोनीला आठ, हिला बारा. म्हणून जुनी घेतली की आधी अंगणात सपाट जागी थर्माकोल घालून ठेवा, काठोकाठ भरा आणि दोन दिवस बघा. सांध्याचं सिलिकॉन नखाने सुटत असेल तर ते सगळं खरवडून नवं भरावं लागतं. जुन्यावर नवं चिकटत नाही. धुताना साबण नको, मीठ चालतं. पांढऱ्या डागांना व्हिनेगर लावा.

वजनाचा हिशेब गंमतीचा आहे. एका बाजूची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा, तिला तिनेच गुणा, मग 2.6 ने आणि मग पाण्याच्या उंचीने. हजाराने भागलं की लिटर. बाजू 25 आणि पाणी 45 सेंटिमीटर असेल तर सुमारे 73 लिटर. म्हणजे 73 किलो, वर काच आणि वाळू. जवळजवळ क्विंटलच झाला, टीपॉयवर ठेवू नका! ही टाकी उंच आणि तोंडाला लहान, हवा कमी शिरते. म्हणून मासे थोडे आणि एअर पंप हवाच.

नळाच्या पाण्यात टीसीएल असतं, ते माशांना बाधतं. पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मग घाला. आणि पहिल्याच दिवशी दहा मासे सोडू नका. माशांच्या घाणीने अमोनिया होतो. तो पचवणारे बारीक जंतू वाळूत तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. विरजण लागल्याशिवाय दही होत नाही, तसंच. आधी दोन-तीन गप्पी सोडा आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदला.

गप्पी म्हणजे तेच, डासांच्या अळ्या खायला आरोग्य विभाग गावात देतो ते. मूळचे तिकडच्या दक्षिण अमेरिकेकडचे, त्रिनिदादचे. 1866 मध्ये तिथल्या गप्पी आडनावाच्या माणसाने ते लंडनला पाठवले, म्हणून हे नाव. महिन्याला पिल्लं घालतात, टाकी भरून जाते. तेव्हा जास्तीची पिल्लं ओढ्यात किंवा नदीत सोडू नका, तिथल्या आपल्या माशांची अंडी-पिल्लं ते खातात. शेजारच्या वाडीत कुणाची टाकी असेल तर झाकणाच्या डब्यात, टाकीचंच पाणी घेऊन, देऊन या.