शिंगाळा आणि पर्ससीनचे जाळे

शिंगाळा हा उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर राहणारा, खाडीच्या मचूळ पाण्यातही शिरणारा मासा. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशा, पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे दातेरी विषारी काटे. पांढुर्णा-सौंसरकडच्या वाचकाला कन्हान-वैनगंगेच्या पाण्यातला मिशाळ शिंगाडा ठाऊक असतो. दिसायला दोघे सारखे, पण कुळे वेगळी. नदीतला शिंगाडा तळाशी खड्डा करून त्यात अंडी घालतो. समुद्रातला शिंगाळा ती तोंडात वागवतो, आणि तेही नर.

मादी अंडी घालते ती थोडी, बहुधा शंभराच्या आत-बाहेर; पण एकेक अंडे सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठे. सुरमई लाखो अंडी पाण्यात सोडून देते. त्यापुढे ही संख्या फारच तुटपुंजी, आणि म्हणूनच प्रत्येक अंड्याचे मोल मोठे. नर ती तोंडात घेतो आणि पिल्ले स्वतंत्रपणे पोहू लागेपर्यंत कित्येक आठवडे जवळजवळ उपाशी राहतो. भारतातल्या माशांवर १८७५ ते १८७८ या काळात मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या फ्रान्सिस डे यांनाही ही सवय माहीत होती.

कोकणात शिंगाळा पूर्वी रापण आणि वावरी या जाळ्यांनी आणि गळाने मिळे. उपाशी नर सहसा आमिषाला तोंड लावत नाही. त्यामुळे गळाच्या मासेमारीत अंडी सांभाळणारे बाप बहुतांशी वाचत. हे संरक्षण कुणी कायद्याने दिलेले नव्हते. ते त्या साधनातच होते.

१९७० च्या दशकात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर यांत्रिक पर्ससीन जाळी आली आणि पुढे कोकणातही पसरली. हे जाळे अख्ख्या थव्याला वेढा घालते आणि खालून आवळले जाते. आमिषाचा प्रश्नच उरत नाही. अंडी वागवणाऱ्या नरांचे थवेच्या थवे त्यात सापडू लागले. पकडलेला नर धडपडताना तोंडातली अंडी टाकतो, म्हणजे बापाबरोबर पुढची पिढीही संपते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात कर्नाटकात या नासाडीच्या नोंदी केल्या. त्यानंतर नैऋत्य किनाऱ्यावर शिंगाळ्याची आवक घसरली. इतकी कमी अंडी घालणारा मासा अशा घावातून लवकर सावरत नाही.

महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये केला. खास पर्ससीनला आळा घालणारी अधिसूचना मात्र ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निघाली. तिने नवे परवाने थांबवले आणि या जाळ्यांचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबरपुरता ठेवला.